२ला ‘बे’ कधी म्हणतात? कांजीचे दुर्मीळ उच्चार शिकण्याची एक रीत

पाढे म्हणताना आपण ‘दोन एके दोन’ म्हणत नाही, ‘बे एके बे’ म्हणतो. तोच २ ‘२रा’ असा लिहिला की दुसरा होतो, पंचांगात द्वितीया होतो. आणि वाण्याच्या चिठ्ठीवर १½ किलो दिसलं की आपण सरळ ‘दीड’ वाचतो. त्यातला ‘एक’ कुठे गेला आणि ‘अर्धा’ कुठे, असं मनातही येत नाही. २चे सगळे उच्चार पाठ करा, अशी यादी आपल्याला कुणीही दिली नव्हती. ‘बे’ पाढ्यासोबत आला, ‘द्वितीया’ भाऊबीजेसोबत आली, ‘दीड’ दुधाच्या हिशेबासोबत आला.

कांजी म्हणजे चीनमधून आलेली, अर्थ दाखवणारी जपानी लिपीतली चिन्हं. त्यांचे कमी वापरातले उच्चार असेच शिकायचे असतात. तरी बहुतेक जण एन३च्या (जपानी भाषा परीक्षेच्या मधल्या पातळीच्या) आसपास पोचले की शब्दकोश उघडतात, एका कांजीखालचे आठ-दहा उच्चार वहीत उतरवतात आणि घोकायला लागतात. पंधरा दिवसांत त्यातलं काही उरत नाही, आणि मग ‘माझी स्मरणशक्तीच कमी’ असं म्हणून माणूस खचतो. दोष स्मरणशक्तीचा नाही, यादीचा आहे. उच्चार कांजीला चिकटलेला नसतो, शब्दाला चिकटलेला असतो. तो तिथे का आला यालाही बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते कारण कळलं की निम्मं काम झालं.

सुरुवात करण्याआधी एक वही आणि जपानी कीबोर्ड टाकलेला फोन जवळ घ्या. इथे मी प्रत्येक कांजी तिच्या अर्थाने सांगणार आहे आणि शब्द उच्चाराने देणार आहे. तो शब्द तुम्ही फोनवर टाईप करा, समोर येणारी कांजी हाताने वहीत काढा आणि मग पुढे वाचा. वेळ लागेल, पण शब्द आधी कानाने आणि मग डोळ्याने ओळखायची सवय इथेच लागते. दीर्घ ओकारासाठी मी अवग्रह वापरला आहे. त्याकडे लक्ष असू द्या: ‘इश्शो’ म्हणजे सोबत, ‘इश्शोऽ’ म्हणजे आयुष्यभर.

पहिली पायरी: संकट केवढं आहे ते मोजा

जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजींच्या यादीला जोऽयोऽ कांजी म्हणतात. १९८१च्या यादीत १,९४५ कांजी होत्या, २०१०च्या सुधारित यादीत २,१३६ आहेत. या सगळ्यांचे मिळून मान्य उच्चार ४,३८८: त्यात २,३५२ ओन्योमी, म्हणजे चिनी वळणाचे, आणि २,०३६ कुन्योमी, म्हणजे मूळ जपानी शब्द. सरासरी काढली तर एका कांजीला दोनच उच्चार येतात. खूप उच्चारांच्या कांजी थोड्याच असतात, पण त्या अगदी रोजच्या असतात म्हणून सगळीकडे भेटतात आणि भीती घालतात.

त्यातली सर्वात गजबजलेली कांजी आपण उदाहरणाला घेऊ. ‘सेन्सेई’ टाईप करा, त्यातली दुसरी कांजी. अर्थ जीव, जन्म, कच्चं. पाच रेघा. जोऽयोऽ यादीत तिचे बारा उच्चार आहेत: सेई, शोऽ, इकिरु, इकासु, इकेरु, उमारेरु, उमु, ओऊ, हाएरु, हायासु, की आणि नामा. बारा ऐकून घाबरू नका. इकिरु (जगणे), इकासु (जगवणे, उपयोगात आणणे), इकेरु (फुलं पात्रात मांडणे) हे एकाच कुळातले. इकेबानामधलं ‘इके’ ते हेच. उमारेरु आणि उमु म्हणजे जन्मणे आणि जन्म देणे. हाएरु आणि हायासु म्हणजे उगवणे आणि उगवू देणे, दाढी राखणे सुद्धा हायासुच. मराठीत मरणे-मारणे, पडणे-पाडणे आपण एकत्रच शिकतो, तसंच हे. बाराचे आठ झाले.

दुसरी पायरी: उच्चार नसलेले उच्चार बाजूला काढा

‘तान्जोऽबी’ म्हणजे वाढदिवस. यात आपली कांजी ‘जोऽ’ अशी ऐकू येते. हा तेरावा उच्चार आहे का? नाही. ‘शोऽ’चाच शब्दाच्या मध्ये येऊन ‘जोऽ’ झाला. हाना (फूल) आणि ही (आग) मिळून हानाबी, फटाके. ते (हात) आणि कामी (कागद) मिळून तेगामी, पत्र. याला रेंदाकु म्हणतात. गाकु आणि कोऽ मिळून गाक्कोऽ होतं, कोकु आणि का मिळून कोक्का. हा दुसरा प्रकार. तिसरा आपल्याला फारच ओळखीचा वाटेल: ‘कान’ (पाहणे) आणि ‘ओन’ (आवाज) मिळून कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर. मधे एक न वाढला. संधी शिकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

असे उच्चार वहीत वेगळे लिहू नका. मूळ उच्चार लिहा आणि बाजूला छोटासा ‘सं’ काढा, संधीचा.

तिसरी पायरी: ओन्योमीचे थर ओळखा

इथे थांबून वेळ द्या. माझ्या मते दुर्मीळ उच्चारांची खरी किल्ली इथे आहे, आणि वर्गांमध्ये ही पायरी सर्रास वगळली जाते.

चिनी उच्चार जपानमध्ये एकाच वेळी आले नाहीत. सर्वात जुना थर गो-ओन. तो बौद्ध ग्रंथांसोबत, दक्षिण चीनकडच्या उच्चारांतून आला. दुसरा कान-ओन. सातव्या ते नवव्या शतकात जपानचे राजदूत आणि विद्वान तांग राजवटीच्या राजधानीत जात, त्यांनी तिथले उच्चार आणले. तिसरा तोऽ-ओन, कामाकुरा काळापासून (बाराव्या शतकाच्या अखेरीपासून) पुढे झेन भिक्षू आणि व्यापारी यांच्यासोबत आलेला. नवीन थर आला म्हणून जुना पुसला गेला नाही. जो शब्द ज्या थरासोबत आला, तो तोच उच्चार धरून बसला. मराठीत ‘क्षेत्र’ही आहे आणि ‘शेत’ही आहे, आणि दोघांनी आपापली कामं वाटून घेतली आहेत.

‘जाणे’ या अर्थाची कांजी घ्या (‘गिन्कोऽ’ टाईप करा, बँक, त्यातली दुसरी). शुग्योऽ म्हणजे साधना, तपश्चर्या: इथे ग्योऽ, गो-ओन. गिन्कोऽमध्ये कोऽ, कान-ओन. आणि आन्ग्या म्हणजे भिक्षूची पायी भ्रमंती: इथे ‘आन’, तोऽ-ओन. या ‘आन’चे शब्द बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण त्यातला एक चाकणच्या वाहन कारखान्यांत काम केलेल्यांना आधीच ठाऊक असतो. उत्पादनाची साखळी कुठे अडली ते दाखवणारा अँडॉनचा दिवा. तो ‘आन्दोन’, जुना कागदी कंदील. ‘जाणे’ आणि ‘दिवा’ अशा दोन कांजींचा शब्द. दिव्याच्या कांजीचा नेहमीचा ओन उच्चार ‘तोऽ’, इथे मात्र ‘दोन’. म्हणजे एका शब्दात दोन दुर्मीळ उच्चार, आणि कारखान्यात रोज म्हटलेले.

आता कामाची गोष्ट. गो-ओन आणि कान-ओन यांच्यात ठरावीक फरक आढळतात. तीन नमुने लक्षात ठेवा.

एक: गो-ओनमधला ‘ओऽ’ किंवा ‘योऽ’ कान-ओनमध्ये ‘एई’ होतो. आपल्या ‘जीव’ कांजीचे शोऽ आणि सेई हे याच जोडीतले. ‘बरोबर’ची कांजी शोऽगात्सुमध्ये (नववर्ष) शोऽ, सेइकाईमध्ये (बरोबर उत्तर) सेई. ‘सूत्र’ची कांजी ओक्योऽमध्ये (बौद्ध सूत्रपाठ) क्योऽ, केइज़ाईमध्ये (अर्थव्यवस्था) केई. ‘सपाट’ची कांजी ब्योऽदोऽमध्ये (समता) ब्योऽ, हेइवामध्ये (शांतता) हेई. आता सांगा, तोक्योमधलं ‘क्यो’ दुसऱ्या थरात काय होईल? केई. तोक्यो आणि योकोहामाच्या पट्ट्याला केइहिन म्हणतात, क्योतो आणि ओसाकाच्या पट्ट्याला केइहान. पाठ न करता दुर्मीळ उच्चार हाती आला.

दोन: गो-ओनचे न आणि म, कान-ओनमध्ये ज, द, ब होतात. ‘माणूस’ निन आणि जिन: निन्गेन (मनुष्य), इन्दोजिन (भारतीय). ‘दिवस’ निची आणि जित्सु. ‘पुरुष’ नान आणि दान: चोऽनान (थोरला मुलगा), दान्शी (मुलगा). ‘झाड’ मोकु आणि बोकु. ‘नसणे’ मु आणि बु: मुरी (अशक्य), बुजी (सुखरूप).

तीन: गो-ओनचं मृदू व्यंजन कान-ओनमध्ये कठोर होतं. ‘मोठा’ दाई आणि ताई: दाइगाकु (विद्यापीठ), ताइसेत्सु (महत्त्वाचं). ‘देव’ जिन आणि शिन: जिन्जा (मंदिर), सेइशिन (मन). ‘जमीन’ जी आणि ची: जिशिन (भूकंप), चिज़ु (नकाशा).

यानंतर ‘रोऽन्याकु नान्न्यो’ हा शब्द बघा. अर्थ, म्हातारे-तरुण, स्त्री-पुरुष, सगळेच. ‘तरुण’ची कांजी एरवी जाकु, इथे न्याकु. ‘पुरुष’ एरवी दान, इथे नान. ‘स्त्री’ एरवी जो, इथे न्यो. तिन्ही ठिकाणी दुसरा नमुना. परीक्षेत हा शब्द भल्याभल्यांना अडवतो, पण नमुना माहीत असलेल्याला तो सुटा करता येतो.

थराचा अंदाज कसा बांधायचा? धर्म, मठ, सूत्रं, संस्कार आणि फार जुने घरगुती शब्द यांत गो-ओन पुष्कळ भेटतो. शास्त्र, राज्यकारभार, आधुनिक संज्ञा यांत कान-ओनचं राज्य. अपवाद आहेत, म्हणून अंदाज करा आणि शब्दकोशात लगेच तपासा. चांगल्या कांजी शब्दकोशात प्रत्येक ओन्योमीपुढे थराची खूण छापलेली असते.

मराठी वाचकाला इथे एक दार जास्त उघडं आहे. बौद्ध ग्रंथांतले काही शब्द अर्थाने नव्हे तर आवाजाने कांजीत बसवले गेले, आणि त्यांचे विचित्र वाटणारे उच्चार आपल्याच ओळखीचे निघतात. हान्न्या म्हणजे प्रज्ञा. नेहान म्हणजे निर्वाण. बोसात्सु म्हणजे बोधिसत्त्व. नाराकु म्हणजे नरक. जपानी स्त्री नवऱ्याला ‘दान्ना’ म्हणते, तो शब्द ‘दान’वरून आला. असे शब्द कांजीवरून सोडवायला जाऊ नका, कानाने ऐका.

चौथी पायरी: शेपटीकडे बघा

कुन्योमीच्या मागे हिरागानात (जपानीच्या उच्चारदर्शक लिपीत) जी अक्षरं येतात ती ओकुरिगाना. दुर्मीळ कुन्योमी ओळखायला तीच पुरते. ‘जीव’ कांजीपुढे ‘किरु’ दिसलं तर इकिरु, ‘मारेरु’ दिसलं तर उमारेरु, ‘एरु’ दिसलं तर हाएरु. ‘बारीक’ कांजीपुढे नुसता ‘इ’ असेल तर होसोई, सडपातळ. ‘काई’ असेल तर कोमाकाई, बारीकसारीक. ‘कडू’ कांजीपुढे ‘इ’ असेल तर निगाई, कडू. ‘शिई’ असेल तर कुरुशिई, कष्टाचं.

काही ठिकाणी शेपटीही दगा देते. ‘जाणे’ कांजीपुढे ‘त्ता’ लिहिलं असेल तर ते ‘इत्ता’ (गेला) असू शकतं किंवा ‘ओकोनात्ता’ (पार पाडलं). एका कांजीपुढे ‘इ’ लावला की ती काराई (तिखट) आणि त्सुराई (सोसवत नाही असं) दोन्ही असते. अशा जोड्या थोड्या आहेत. वहीच्या मागच्या पानावर त्यांना वेगळी जागा द्या, प्रत्येकीखाली एकेक पूर्ण वाक्य लिहा.

‘जीव’ कांजी एकटी, शेपटीशिवाय उभी असेल तर बहुधा नामा, म्हणजे कच्चं, ताजं. नामाबीरू, नामातामागो (कच्चं अंडं), आणि आयटीतल्या लोकांचा नामादेता, म्हणजे प्रक्रिया न केलेली माहिती. ‘की’ त्याहून दुर्मीळ. किइतो म्हणजे कच्चं रेशीम, किजी म्हणजे कापड किंवा मळलेली कणीक. एका विद्यार्थिनीने पावाच्या पाककृतीत हा शब्द ‘सेइची’ असा वाचला होता. तसा शब्द त्याच दोन कांजींचा खरोखरच आहे, अर्थ जन्मस्थान. पुढे ‘कोनेरु’ (मळणे) हे क्रियापद होतं, त्यावरून ती स्वतःच परत फिरली. किजी ओ कोनेरु, कणीक मळणे. तो ‘की’ ती आता विसरणार नाही, कारण तो तिला परातीसकट आठवतो.

पाचवी पायरी: ‘दीड’चे शब्द अख्खे गिळा

क्योऽ म्हणजे आज. दोन कांजी, ‘आत्ता’ आणि ‘दिवस’. यातली कुठली ‘क्यो’ आणि कुठली ‘ऽ’, असं विचारणं म्हणजे दीडमध्ये एक शोधणं. हे जुकुजिकुन: अर्थाच्या कांजी आधीच्या जपानी शब्दावर एकत्र ठेवल्या, उच्चार वाटून दिला नाही. ओतोना (प्रौढ), मियागे (प्रवासातून आणलेली भेट), मोमिजी (लाल झालेली पानं), त्सुयु (पावसाळा), शिनिसे (पिढीजात दुकान). जोऽयोऽ यादीच्या शेवटी अशा शब्दांचं परिशिष्ट आहे, एकूण ११६ शब्द. रोज दोन घेतले तर दोन महिन्यांत संपतं. ही एकच यादी मी यादी म्हणून पाठ करायला सांगते. आपल्या ‘जीव’ कांजीचे शिबाफु (हिरवळ) आणि यायोई (मार्चचं जुनं नाव) यातच सापडतील.

सावध राहा: तेच लिखाण कधी अख्खं वाचतात, कधी तोडून. ‘वर’ आणि ‘हात’ मिळून जोऽज़ु, म्हणजे निपुण. पण नाटकाच्या रंगमंचाबद्दल बोलत असतील तर कामिते, आणि सुमो कुस्तीची पकड असेल तर उवाते. ठरवतो तो संदर्भच.

सहावी पायरी: नावांपुढे विचारा

माणसांची आणि गावांची नावं या कुठल्याच नियमात बसत नाहीत. २०१४ आणि २०१८ ही दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा फिगर स्केटर हान्यू युज़ुरु आणि १९९६ साली शोऽगीचे (जपानी बुद्धिबळाचे) सातही किताब एकाच वेळी आपल्याकडे ठेवणारा हाबु योशिहारु यांची आडनावं एकाच दोन कांजींनी लिहितात: ‘पंख’ आणि आपली ‘जीव’. तोक्योच्या पश्चिमेकडच्या फुस्सा शहराच्या नावातही तीच कांजी आहे. हे उच्चार घोकून साध्य होत नाहीत, जपानी माणूससुद्धा विचारतो. जपानच्या कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चार लिहिण्याची तरतूदही २६ मे २०२५पासून लागू झाली, तोवर तिथे नुसत्या कांजी असत. म्हणून कुणाचं व्हिजिटिंग कार्ड हातात आलं की ‘नान तो ओयोमी शिमासु का’ (कसं वाचायचं) असं सरळ विचारा. त्यात कमीपणा नाही, उलट आदर आहे.

सातवी पायरी: वहीचं पान आणि पत्ते

एका कांजीला एक पान. मधोमध कांजी मोठी काढा. डावीकडे ओन्योमी, थरांप्रमाणे एकाखाली एक. उजवीकडे कुन्योमी, कुळांप्रमाणे. खाली ‘अख्खे’ आणि त्याच्याखाली ‘नावं’. प्रत्येक उच्चारापुढे एकच शब्द, तोही तुम्हाला कुठेतरी प्रत्यक्ष भेटलेला. शब्द भेटला नसेल तर जागा रिकामी सोडा. ती रिकामी जागा महिन्या-दोन महिन्यांनी एखादा शब्द भेटला की भरते, आणि तो शब्द पक्का बसतो.

आंकीसारखं पाठांतराच्या पत्त्यांचं (फ्लॅशकार्डचं) ॲप वापरत असाल (आंकी म्हणजे जपानीत पाठांतरच), तर समोरच्या बाजूला नुसती कांजी कधीही ठेवू नका. पूर्ण वाक्य ठेवा, शब्दाखाली रेघ. मागे उच्चार, थराचं नाव आणि त्याच थरातला एक भाऊबंद शब्द. उत्तर मोठ्याने म्हणा. दुर्मीळ उच्चाराचे रोज दोनच नवे पत्ते, त्याहून जास्त नकोत. बाकीचा वेळ वाचनाला द्या. वाचताना फुरिगाना (कांजीशेजारी बारीक अक्षरांत छापलेला उच्चार) कागदाच्या पट्टीने झाका, अडलं की पट्टी सरकवा.

आणखी एक साधी चाचणी: अंदाज केलेला उच्चार फोनवर टाईप करा. हवी ती कांजी सुचवली गेली तर अंदाज बहुधा बरोबर, नाही सुचवली तर शब्दकोश उघडा.

काय सोडून द्यायचं

जोऽयोऽ यादीत फार मर्यादित वापराचे उच्चार एक अक्षर आत सरकवून छापलेले असतात. ‘जाणे’चा ‘आन’ तसाच. अशा उच्चाराला एक-दोनच शब्द असतील तर उच्चार विसरा, शब्द शिका. यादीबाहेरचे उच्चार एन१पर्यंत (परीक्षेच्या सर्वात वरच्या पातळीपर्यंत) तरी जाणूनबुजून शोधायला जाऊ नका. जुनं साहित्य किंवा बौद्ध ग्रंथ वाचायचे असतील तर गोष्ट वेगळी.

पहिल्या आठवड्यासाठी तीन कांजी पुरेत. ‘जीव’चं पान वरून उतरवा. ‘जाणे’चं पान अर्धं तयार आहे, इकु आणि युकुचा फरक तुम्ही शोधा. तिसरी ‘वर’: जोऽ, उए, उवागीतला (कोट) उवा, कावाकामीतला (नदीचं वरचं अंग) कामी, आगेरु, नोबोरु. यात शोऽनिन हा शब्दही आहे, अर्थ संतपुरुष. त्यातला ‘शोऽ’ आणि ‘निन’ कुठल्या थरातले असतील ते आधी पेन्सिलीने लिहा आणि मगच शब्दकोश उघडा.